एका स्कीएवढी भेग

"बाबा! छातीवर काय लपवलंयस? काढ! आधी बाहेर काढ ते!"

माझी मुलगी मराठीत ओरडत होती, त्यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखलं. कॅलिफोर्नियात जन्मलेली ही पोर हसते इंग्रजीत, भांडते इंग्रजीत, पण काळजात धस्स झालं की तिची जीभ थेट आईच्या स्वयंपाकघरात पळते. सिएराच्या डोंगरात, रस्त्याकडेच्या एका पार्किंगमध्ये, सूर्य अजून शिखराआड जांभया देत होता आणि तिचा आवाज असा घुमला की पाइनच्या झाडांनी अंगावरचा बर्फ झटकला. शेजारच्या गाडीपाशी स्की बांधणारे दोन दाढीवाले मराठीचा एक शब्द न कळता आपापली छाती चाचपायला लागले.

मी दोन्ही हात वर केले. तिने माझ्या जॅकेटची चेन सर्रकन खाली ओढली, आतल्या खिशात हात घातला आणि चांदीच्या कागदात गुंडाळलेला एक जाडजूड गठ्ठा बाहेर काढला. गठ्ठा अजून कोमट होता.

"हे काय आहे?"

"गुळपोळ्या. आत्ताच संक्रांत झाली ना. तुझ्या आईने दिल्या. म्हणाली, छातीशी ठेवा, गरम राहतील."

"फॉइलमध्ये?"

"मग काय, केळीच्या पानात?"

तिने डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेतला. असा श्वास तिची आई माझ्या गोष्टींच्या मध्यावर घेते.

भानगड अशी होती. हिवाळ्यात त्या डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाने छातीवर बीकन नावाचं एक यंत्र बांधायचं असतं. ते सारखा संदेश सोडत राहतं. बर्फाचा कडा सुटला आणि माणूस गाडला गेला, तर सोबतच्याने आपल्या यंत्रावर तो संदेश पकडायचा, बाणाच्या मागे मागे जायचं आणि फावड्याने खणून माणूस वर काढायचा. निघण्याआधी एकमेकांची यंत्रं तपासायची असतात. मुलगी पार्किंगच्या टोकाला यंत्र घेऊन उभी होती आणि मी तिच्याकडे चालत येत होतो. पण मी अगदी तिच्या नाकासमोर येईपर्यंत तिच्या यंत्रात दिसलोच नाही. मोबाईल बीकनजवळ ठेवू नका, धातू ठेवू नका, हे मला शिकवलं होतं. गुळपोळीबद्दल शिकवणीत कुणी चकार शब्द काढला नव्हता.

पोळ्या पाठीवरच्या पिशवीत गेल्या. मी पुन्हा लांबून चालत आलो, तर तिचं यंत्र पार्किंगच्या दुसऱ्या टोकापासूनच बोलायला लागलं.

"आईने तुला गायब केलं होतं," ती म्हणाली. आता जरा हसत.

"तीस वर्षं प्रयत्न करतेय," मी म्हणालो.

आता मी तिथे काय करत होतो, ते सांगायला हवं. मी नागपूरचा माणूस. आमच्याकडे उन्हाळ्यात कोंबडी उकडलेलंच अंडं घालते आणि गायीचं दूध काढलं की थेट चहाच निघतो. अशा माणसाने बर्फात जाणं म्हणजे पापडाने विहिरीत उडी घेण्यासारखं. सांता क्लारात इतकी वर्षं मी कॉम्प्युटरसमोर बसून सुखाने काढली. बर्फाशी माझा संबंध फ्रीजपुरता होता. पण आमच्या एकुलत्या एका लेकीने चांगली सॉफ्टवेअरची नोकरी सोडली आणि डोंगरात जाऊन बर्फ खणायचं काम धरलं. खरंच खणायचं. खड्डा करायचा, बर्फाच्या थरांचं निरीक्षण करायचं आणि आज कुठल्या उतारावर हिमस्खलनाचा धोका किती, हे लोकांना सांगायचं. शाळेत असताना ती घराबाहेरच्या वाफ्यात खणायची तेव्हा मी तिला ओरडायचो. आता त्याचाच पगार मिळतो.

तिच्या आईला हे पटलं नव्हतं. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं होतं. आई फोनवर "जेवलीस का" विचारायची, लेक "जेवले" म्हणायची, आणि दोघी फोन कानाला लावून गप्प बसायच्या. शेवटी आईने टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला, आपल्या चुलत बहिणीच्या ऑफिसात लेकीसाठी एक नोकरी शोधून काढली. फ्रिस्कोचा मोठा गुण तिच्या मते असा की तिथे दिवाणखान्यातल्या गालिच्याएवढाही चढ नाही.

"अहो, तुम्ही एकदा जाऊन या," ती मला म्हणाली. "ती तिथे नक्की काय करते, डोळ्यांनी बघा आणि मला सांगा. तुम्ही जे सांगाल त्यावर मी ठरवेन, तिला फ्रिस्कोचं सांगायचं का नाही."

"तू का येत नाहीस?"

"मी बघितलं तर मला पुन्हा झोप लागायची नाही."

आणि लेकीला मी चांगला ओळखतो. आईने एकदा तोंड उघडून "ये" म्हटलं असतं, तर ती आली असती. कुढत आली असती, पण आली असती. म्हणजे पोरीचा सगळा डोंगर माझ्या जिभेवर येऊन बसला होता.

आणि जीभ कुणाची? माझी! साक्षीदार म्हणून मला निवडणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. मी खोटं बोलत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. सत्य मुळात हडकुळं असतं, त्याला मी चार घास जास्त भरवतो इतकंच. बायको माझी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. चुका शोधण्याचाच तिचा धंदा, आणि तो ती घरी आल्यावरही चालू ठेवते. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने माझ्यासाठी एक नियम बसवला: मी सांगेन त्याला दहाने भागायचं. मी म्हटलं रस्त्यात शंभर गाड्या अडकल्या होत्या, की ती दहा धरते. म्हटलं साहेबाने तासभर झापलं, की ती सहा मिनिटं समजते. आणि बहुतेक वेळा, सांगायला लाज वाटते, उत्तर बरोबर येतं.

मुलीलाही हा नियम बाळकडूतून मिळालाय. म्हणून मला सोबत न्यायला ती तयार झाली ती एका अटीवर. "बाबा, डोंगरात फक्त दिसतं ते बोलायचं. नो मसाला. तू एकदा जरी वाढवून सांगितलंस ना, तर मी गाडी फिरवणार आणि पुन्हा कधी नेणार नाही. कारण तिथे आपण दोघंच असणार. तू काय सांगतोस त्यावर मी पाय टाकणार."

"आणि?"

"आणि मी गाडली गेले तर मला शोधणारा तूच."

हे ती इतक्या सहज बोलली, जसं काही दूध संपलंय. माझ्या मात्र पोटात नागपूरची थंडी भरली. (नागपुरातही थंडी असते. एकदा तर आमच्या गल्लीत शेकोटीच गारठली होती. असो.)

त्यानंतर दोन-तीन शनिवार तिने मला घासूनपुसून घेतलं. घरी येऊन ती बीकन लपवायची आणि मी यंत्र घेऊन शोधायचो. वाफ्यात, पालापाचोळ्यात, गॅरेजमध्ये. एकदा तिने ते तांदळाच्या पिंपात पुरलं. मी बाणाच्या मागे मागे रांगत स्वयंपाकघरात शिरलो, पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि "सापडली!" असा ओरडलो की शेजारच्या काकूंनी फोन करून विचारलं, काय हरवलं होतं. माझी बायको ओट्यापाशी उभी होती. जमिनीवर सांडलेला तांदूळ तिने दाणा दाणा वेचला, आणि वेचताना एकदाही वर पाहिलं नाही. तिच्या डोक्यात त्या पिंपाच्या तळाशी कोण होतं, ते मला कळत होतं.

तर पार्किंगमधून आम्ही निघालो. लेक स्कीवर. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवल्या की त्या चढावर मागे घसरत नाहीत. मी स्नोशूजवर, म्हणजे पायांना दोन सुपं बांधून. माझी चाल लग्नात शालू सावरत चालणाऱ्या बदकासारखी होती. लेक दर थोड्या वेळाने थांबून मागे बघायची. लहानपणी बागेत मी तिच्यासाठी थांबायचो, अगदी तसंच, घाई नसल्याचा आव आणून.

"दमलास?"

"छे! मी तर तुझ्यासाठी हळू चालतोय."

"बाबा."

"दमलोय."

"थँक यू."

चढ मवाळ होता. तिने वाट मुद्दाम तशी निवडली होती, उताराखालून नाही आणि उतारावरूनही नाही, झाडांच्या कडेकडेने. पण तिच्या मनात एक जागा होती. पुढे एक उघडा उतार ओलांडला की डोंगराचा एक खांदा लागतो, आणि तिथून खाली सबंध तळं दिसतं. नोकरी सोडायची की नाही या विचारात असताना ती तिथे बसली होती म्हणे. "तुला ते दाखवायचंय," ती गाडीतही म्हणाली होती, आणि चालतानाही दोनदा. बोलताना तिचा आवाज चौथीतल्या पोरीसारखा झाला होता. मी मनात ठरवलं, तळं बघायचंच. मग आईला त्या तळ्याचं असं वर्णन करायचं की फ्रिस्को तिथल्या तिथे रद्द!

उघड्या उताराच्या अलीकडे, सुरक्षित जागी, तिने फावडं काढलं आणि खड्डा खणला. भिंत अशी सुरेख तासली की आमच्याकडचा गवंडी बघून रिटायर झाला असता. त्या भिंतीत थर दिसत होते. वरचा थर ताज्या बर्फाचा, वाऱ्याने दाबून घट्ट केलेला. खाली जरा जुना. आणि एका ठिकाणी बोटभर जाडीचा, वेगळाच दिसणारा थर. तिने तो बोटाने खरवडला तर त्यातून दाणे सुटे होऊन पडले, जाड साखरेसारखे. एकाला दुसऱ्याचा हात धरता येत नाही असे.

"हा वीक लेअर," ती म्हणाली. "वरचा सगळा थर याच्यावर बसलाय. हा ढासळला की वरचा अख्खा सुटतो."

"आणि हे तू इथे खणून त्या समोरच्या उताराचं कसं सांगणार?"

"दोन्हींचं तोंड एकाच दिशेला आहे. ऊन-वारा सेम लागतो. म्हणून इथे चेक करायचं."

"म्हणजे शितावरून भाताची परीक्षा!"

ही म्हण तिला माहीत नव्हती. समजावून सांगितली. ती खूश झाली, पण लगेच कपाळाला आठी पडली. "बट बाबा, इथे प्रॉब्लेम असा आहे की प्रत्येक शीत वेगळं शिजलेलं असतं."

मग तिने भिंतीतून बर्फाचा एक खांब सुटा केला, वर फावडं आडवं ठेवलं आणि त्यावर हाताने थापट्या मारायला सुरुवात केली. आधी नुसत्या मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यापासून. खांद्यापासूनच्या थापट्यांना कुठे तो खांब मधल्या थरावर तुटला.

"काय दिसलं?" तिने विचारलं. ही माझी परीक्षा होती.

ज्वालामुखी, भूकंप, शंकराचा तिसरा डोळा, सगळे ओठांपर्यंत आले. मी त्यांना मागे ढकललं. "जोरात मारल्यावर तुटला," मी म्हणालो. "दाण्यांच्या थरावर. तुटला तो पुढे थोडा सरकला."

"गुड." तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाली, "जोर लागला म्हणजे वाईट नाही. पण सरकला ते मला आवडलं नाही. आपण पुढे जाऊ, पण जपून. आणि रूल लक्षात आहे ना? एकाने नाही म्हटलं की सगळे मागे. कारण विचारायचं नाही, डिस्कशन नाही, तोंड पाडायचं नाही."

"आपल्या घरात हा नियम तुझी आई पहिल्यापासून चालवते."

पुढे एक छोटा उंचवटा होता. त्याच्या पलीकडे तो उघडा उतार सुरू होत होता. ती उंचवट्यावरून पलीकडे गेली, कडेला थांबून उतार न्याहाळत उभी राहिली. मी मागे राहिलो. मागे राहण्याचं कारण वयाचं होतं आणि सकाळच्या दोन कप चहाचं होतं. तेवढ्यासाठी मी वाट सोडून डावीकडे, एका झाडाच्या आडोशाला, चार पावलं टाकली.

आणि धप्प झालं.

वरच्या मजल्यावर कुणी गव्हाचं पोतं टाकावं, तसा आवाज. कानापेक्षा पायांनाच जास्त ऐकू आला. जिना संपला म्हणून आपण पाय टाकावा आणि आणखी एक पायरी निघावी, तसं झालं. माझ्या भोवतीचा बर्फ एकदम, सगळा मिळून, किंचित खाली बसला. आणि माझ्या स्नोशूच्या टोकापासून एक भेग निघाली, सुरी फिरवल्यासारखी, आणि पुढच्या एका लहानग्या झाडाशी जाऊन थांबली.

मग काहीच नाही. शांतता. पाखरूसुद्धा नाही.

"थांब!" मी ओरडलो. "पुढे जाऊ नकोस!"

वारा तिच्याकडून माझ्याकडे वाहत होता. तिला तो धप्प आवाज ऐकू गेला नव्हता, पण माझी हाक गेली. ती वळली आणि उंचवट्यावर परत आली. "काय झालं?"

आता मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगतो, त्या क्षणी माझ्या जिभेवर जे जे जमलं होतं तेवढी गर्दी दीक्षाभूमीनेही पाहिली नसेल. डोंगर गर्जला. जमीन दुभंगली. सीतामाई गेली तशी मी जाणार होतो. भेग इथून निघाली ती थेट शेजारच्या नेवाडा राज्यापर्यंत. या घटनेची वाट मी आयुष्यभर बघितली होती, आणि ती माझ्या एकट्याच्या पायाखाली, एकही साक्षीदार नसताना, घडली होती. सांगण्यासाठीच घडली होती! पण समोर लेक उभी होती, तिचा एक पाय अजून उताराच्या बाजूला होता, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी जे सांगेन त्याला ती दहाने भागेल. नेवाडापर्यंतच्या भेगेला दहाने भागून जे उरेल त्याच्यावर पाय टाकेल. आणि खरं तेवढंच सांगितलं, तर? एवढ्याशा गोष्टीला दहाने भागलं तर हातात काय राहतं?

मला आयुष्यात प्रथमच माझ्या सगळ्या गोष्टींची भीती वाटली.

"बर्फ बसला," मी म्हणालो. "माझ्या पायाखाली. धप्प असा आवाज आला, एकदाच. आणि भेग पडली."

"किती लांब?"

"तुझ्या एका स्कीएवढी. त्या लहान झाडापर्यंत."

"मी नाही म्हणतो," मी पुढे म्हणालो.

माझ्या तोंडून इतकी छोटी वाक्यं लागोपाठ आलेली तिने जन्मात ऐकली नव्हती. ती माझ्याकडे बघत राहिली. मग मान वळवून तिने त्या उताराकडे पाहिलं. उतार पांढरा, गुळगुळीत, नुकत्याच घडी मोडलेल्या चादरीसारखा पसरला होता, आणि त्याच्या पलीकडे, खांद्यापलीकडे, तिचं तळं होतं. मी तिच्या जागी असतो तर निदान एक सुस्कारा तरी सोडला असता. तिने तोही सोडला नाही.

"ओके," ती म्हणाली. "मागे."

"भेग बघायला नाही येणार?"

"नको. तू बघितलीस ना."

एवढंच म्हणाली आणि स्की वळवून माझ्या पुढे चालायला लागली, आलेल्या वाटेने, आलेल्याच खुणांवरून. मी तिच्या पाठीकडे बघत मागून. माझा शब्द कुणी न भागता, अख्खाच्या अख्खा घेतला, असं माझ्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. लग्नातल्या सप्तपदीतसुद्धा नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते थंडीमुळे. हे मी शपथेवर सांगतो, आणि तुम्हाला माझी शपथ भागायची असेल तर भागा.

खाली दाट झाडीत, जिथे वरून काही येण्याची शक्यता नव्हती, तिथे आम्ही बसलो आणि पोळ्या काढल्या. त्या आता दगड झाल्या होत्या. मी एक मोडली तर वरचा पापुद्रा अख्खाच्या अख्खा सुटून माझ्या मांडीवर आला. आतलं सारण गारठून भुगा झालं होतं, दाणा दाणा वेगळा.

मी त्या पापुद्र्याकडे बघितलं. मग लेकीकडे. मग पुन्हा पापुद्र्याकडे.

"हे बघ," मी म्हणालो. "सारण कोरडं पडलं की वरचा पापुद्रा त्याला धरून राहत नाही. बोट लावलं की सरकतो."

ती चावायची थांबली. पोळीचा तुकडा तिने हातात घेतला, तिरका धरला, आणि बोटाने टिचकी मारली. पापुद्रा सरकला. "ओ माय गॉड. एक्झॅक्टली. बाबा, आईला असं सांग."

तिथून तो उतार झाडांच्या फटीतून दिसत होता. मी जेवताना एक डोळा त्याच्यावर ठेवला होता. खरं सांगू? मी वाट बघत होतो. आता सुटेल, मग सुटेल. धडधडत खाली येईल, धुरळा उडेल, आणि मी म्हणेन, बघ! पण तो मेला आपला सासूसमोर बसलेल्या नव्या सुनेसारखा खाली मान घालून बसून राहिला. गाडीपाशी आल्यावरही मी एकदा वळून पाहिलं. तसाच.

"सुटलाच नाही," मी तक्रार केली. "कदाचित आपण गेलो असतो तरी काही झालं नसतं. तुला तळं दाखवायचं होतं."

"कदाचित," ती म्हणाली. स्कीवरचा बर्फ ती हातमोज्याने झटकत होती. "तळं कुठे जात नाही. आमच्या कामात ना, बाबा, बेस्ट दिवस म्हणजे घरी जाऊन सांगायला काहीच नसतं."

माझ्यासारख्या माणसाच्या पोटी ही मुलगी कशी आली, याचा मी परतीच्या सगळ्या रस्त्यात विचार करत होतो. तिला तिच्या खोलीवर सोडलं आणि एकटाच खाली, सपाटीकडे निघालो. तिने गाडीच्या खिडकीतून हात आत घालून माझ्या जॅकेटची चेन वर ओढून दिली होती. पार हनुवटीपर्यंत.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. बायको दारातच उभी. बूटही काढू दिले नाहीत.

"सांगा."

मी सांगितलं. खड्डा खणला. चाचणी केली. मी बाजूला गेलो, बर्फ बसला, आवाज आला, एका स्कीएवढी भेग पडली. मी नाही म्हणालो. ती लगेच मागे फिरली. झाडीत बसून पोळ्या खाल्ल्या. आलो.

"आणि?"

"आणि काही नाही."

"आणि?"

"अगं, एवढंच."

तिचा चेहरा पांढरा पडत गेला. आयुष्यभर माझ्या बोलण्याला दहाने भागत आलेली ही बाई, आणि आज मी तिला भागायला काही ठेवलंच नव्हतं. मग तिने जे केलं ते मी स्वप्नातही कल्पिलं नसतं. ती गुणायला लागली!

"तुम्ही माझ्यापासून लपवताय," ती म्हणाली. "भाजी आणायला गेलात तर तुम्हाला वाटेत वाघ भेटतो. आज डोंगरात जाऊन आलात आणि एका स्कीएवढी भेग? काय झालं तिला? खरं सांगा."

तिने फोन लावला. स्पीकरवर.

"तू ठीक आहेस ना? आज काय झालं?"

"बाबाने काय सांगितलं?" पलीकडून लेकीचा आवाज, तोंडात काहीतरी चावत. बहुधा उरलेली पोळी.

आईने मी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं, टेस्टरच्या शिस्तीने, एकही शब्द न गाळता.

"हो," लेक म्हणाली. "तेवढंच झालं, आई."

बायको खुर्चीवर बसली. फोन चालूच होता. या वेळी दोघी गप्प होत्या, पण ती शांतता जुनी नव्हती. मी डब्यात उरलेली एक गुळपोळी आणली, मोडली, तिरकी धरली आणि टिचकी मारली. ही घरातली, मऊ. पापुद्रा हलला नाही. "तिकडे गार झालेली सरकली," मी म्हणालो. "तुझी लेक दिवसभर हेच बघते. सारण ओलं आहे का कोरडं. कोरडं दिसलं की पुढे जात नाही. माझ्यासारख्याने नाही म्हटलं तरी जात नाही. तळं पलीकडे होतं, तरी गेली नाही."

तिने पोळी माझ्या हातातून घेतली. बोटाने पापुद्रा उचकटून आतलं सारण चाचपलं, जसं पोळ्या लाटायच्या आधी चाचपते. बराच वेळ चाचपत राहिली.

"जेवलीस का?" तिने फोनमध्ये विचारलं.

"जेवले. पोळ्याच खाल्ल्या. आई, तू फॉइलमध्ये दिल्या होत्यास ना, त्यामुळे बाबा बीकनवर दिसतच नव्हता. ते छातीपाशी ठेवायचं नसतं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी छाताडावर हात ठेवून, आपण काय संकटातून वाचलो हे चेहऱ्यावर आणायचा प्रयत्न केला.

"मग फ्रिस्कोचं काय कळवायचं?" फोन ठेवल्यावर मी हळूच विचारलं.

ती उठली, पोळीचे तुकडे ताटलीत नीट लावले आणि म्हणाली, "पुढच्या वेळी पोळ्या पाठीवरच्या पिशवीत ठेवा."